पडवळ आणि माझा खांदा

"फ्रोझन शोल्डर," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रे चांगला आहे, पण खांदा आखडलाय." मग त्यांनी माझा डावा हात वर नेऊन पाहिला आणि मी ओरडले. बाहेर नंबर लावून बसलेल्यांपैकी एक-दोघे तरी घरी गेले असावेत.

या दुखण्याचं कागदावरचं नाव ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं आणि हात अडतो. मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं. मला तो आहेच. "बरं होतं, पण वेळ लागतो. काहींना वर्षही लागतं," डॉक्टर म्हणाले.

वर्ष माझ्याकडे नव्हतं. यजमानांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि विचुंबे गावातल्या फ्लॅटमध्ये मी एकटी होते. मुलगी केतकी बडोद्याहून फोनवर म्हणायची, "आई, ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही तुझा. एकटी कशी राहणार? गणपतीच्या सुट्टीत येते. तोवर सुधारणा नसेल, तर फ्लॅट विकायचा आणि तू आमच्याकडे." या घरात आम्ही दोघांनी जमवलेली पुस्तकं होती. मला ते सोडायचं नव्हतं.

दवाखान्यातल्या तरुण फिजिओथेरपिस्टने पेंड्युलम एक्सरसाइज शिकवला. टेबलाला टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा, मुठीत थोडं वजन धरायचं आणि हात लंबकासारखा झुलू द्यायचा. तिने अर्धा किलो सांगितलं. घाईपोटी मी पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली धरली. दोन दिवसांत हात होता तेवढाही हलेना.

"काकू, स्पर्धा आहे का कुठे?" ती म्हणाली. आठवडाभर नुसता शेक.

तो आठवडा मी गॅलरीत काढला. आमच्या इमारतीच्या कुंपणभिंतीला लागून गावातल्या हिराबाईंचा वेलाचा मांडव आहे. पडवळ वेटोळं न होता सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधतात. एकाचा दगड मोठा होता. ते देठापासून तुटून पडलं. बाकीची दगडासकट वाऱ्यावर झुलत होती आणि रोज थोडी वाढत होती. मला वाटलं, मी खांद्याचं आणि मनाचंही ओझं एका दमात संपवायला निघाले होते. ते असेल तेवढं टोकाला राहू द्यावं. वाढ थांबत नाही.

पुन्हा व्यायाम सुरू केला, गॅलरीतच आणि या वेळी अर्धाच किलो. खालून हिराबाईंनी पाहिलं.

"काय गो बाय, तुमालापन धोंडा बांधला?"

"हो. सरळ व्हायचंय."

"मंग भाजी कवा करायची?"

यजमान गेल्यानंतर मी एवढ्या मोठ्याने प्रथमच हसले.

तुमचा खांदा असा अडला असेल, तर हात झोळीत बांधून बसू नका आणि बाटलीही उचलू नका. सांगितलं तेवढंच करा, पण रोज करा.

केतकी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरत असताना खोलीच्या दाराबाहेरून तिने विचारलं, "आई, बाही चढवू?"

"नको."

बराच वेळ लागला. हात कानापर्यंत गेला, त्यापुढे नाही. पण साडी नेसून, अंबाडा घालून मी बाहेर आले. तिने मला मागूनपुढून पाहिलं.

"अंबाडा तिरका झालाय."

"असू दे. माझ्या हातांनी घातलाय."

ती हसली आणि डोळे पुसत आत गेली. निघेपर्यंत तिने फ्लॅटचा विषय काढला नाही. रिक्षात बसताना म्हणाली, "दिवाळीला आम्हीच येतो. चकल्या मात्र तू पाडायच्या."

आता फिजिओथेरपिस्टला विचारायला हवं, चकलीचा सोऱ्या व्यायामात धरतात का.