शंभरावरची रेघ

बाईंच्या हातात आलेख दिला की त्या स्तंभांची उंची बघतच नसत. स्तंभाच्या टोकावर जी लहानशी उभी रेघ असते, तिच्यावर अंगठा ठेवून विचारत, "इकडंतिकडं किती?"

ती रेघ म्हणजे मोजणीतल्या कमीजास्तीची कबुली. आमच्या कचेरीत तिला सगळे मिशी म्हणत. पिकांवरच्या किडींचा अभ्यास करणारं परभणीतलं एक लहान केंद्र होतं ते. मी तिथं आरेखक होतो, आलेख शाईनं काढायचो. बाई संख्याशास्त्राच्या, हंगामी नेमणुकीवर आलेल्या. नव्वदच्या सुमारास केंद्रात पहिला संगणक आला आणि तो त्यांच्या ताब्यात गेला.

बाईंना बसणं ठाऊक नव्हतं. प्रिंटर करकरत कागद सोडी, तोवर त्या खिडकी ते दार फेऱ्या घालत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की आपलेही पाय हलायला लागतात. एकदा शिपाई म्हणाला, "बाई, तुमच्या ताडकळसची बस पाचला हाय." बाईंनी विचारलं, "इकडंतिकडं किती?" शिपाई गंभीरपणे म्हणाला, "एक तास. आन मोर्चा असला तर उद्या." नामांतराचे दिवस होते. रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नसे.

त्या वर्षी कापसावरच्या बोंडअळीचा प्रयोग होता. एका वावरात नेहमीच्याच फवारण्या, दुसऱ्यात एक जास्तीची. दर आठवड्याला दोन्हीकडं पंचवीस-पंचवीस झाडांवरच्या अळ्या मोजायच्या आणि चारानं गुणून शंभर झाडांचा आकडा करायचा, की झाला एक स्तंभ. शेवटच्या आठवड्यात साध्या वावराचा स्तंभ शंभराचा आला, जास्तीच्या फवारणीचा चौसष्टाचा. दोन्हींच्या मिश्या एकमेकींपासून लांब. म्हणजे फरक पक्का. विभागप्रमुखांनी शेतकऱ्यांसाठी पत्रक लिहिलं, की एक फवारणी वाढवा. झरीच्या मेळाव्यात ते वाटायचं होतं.

बाई दोन दिवस तो आलेख घेऊन हिंडल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, साध्या वावरात अळ्या मोजल्या किती?"

"शंभर."

"मोजल्या पंचवीस. शंभर तर गुणून केल्या." त्या भराभर लिहायला लागल्या. "जितक्या मोजल्या त्याचं वर्गमूळ, ती मिशी. पंचवीसचं वर्गमूळ पाच. म्हणजे पाच इकडंतिकडं. आकडा चारपट केला तर मिशीबी चारपट, वीस. हे मशीन आधी गुणायलंय आन मग शंभराचं वर्गमूळ काढून दहा सांगायलंय. न मोजलेल्या अळ्यांचा भरवसा धरायलंय."

चौसष्टाची मिशीही तशीच आठाऐवजी सोळा झाली. मी पट्टी लावली. वरची खाली ऐंशीपर्यंत आली, खालची वर ऐंशीपर्यंत गेली. दोघी भिडल्या. त्याच दुपारी बाईंनी प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या.

विभागप्रमुखांना ते रुचलं नाही. "अळ्या कमी दिसतात ना? मग? तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत शंका."

'तुम्हा लोकांना' हे बाईंनी ऐकलं, मीही ऐकलं.

त्या म्हणाल्या, "सर, माझे वडील रोजानं फवारायला जातात. एक फवारणी वाढली की त्यांच्या पाठीवर पंप आणखी एकदा चढणार. खरंच अळी मरत असेल तर चढू द्या. पण ते आपल्याला अजून माहीत नाही."

सर माझ्याकडं वळले. "मशीन राहू द्या. तुम्ही मिश्या हातानं काढा, पहिल्यासारख्या."

मी काढल्या. दहाची आणि आठाची. माझी नोकरी कायम होती, तरी काढल्या.

सकाळी बाईंनी कागद पाहिला. "ह्या तुमीच काढल्या?"

"हो."

बाई पंचवीस झाडांच्या नोंदी आणि माझा आलेख घेऊन संचालकांकडं गेल्या. दोन तास दाराबाहेर उभ्या होत्या, शेजारी बाक असून. संचालकांनी पत्रक थांबवलं आणि पुढच्या हंगामात चारशे-चारशे झाडं मोजायला सांगितली.

मार्चात बाईंची मुदत संपली. ती वाढवावी अशी शिफारस सरांनी केली नाही. त्या कधी गेल्या, मला कळलंही नाही.

पुढच्या हंगामात चारशे झाडं मोजली. दोन्ही वावरांचे स्तंभ जवळजवळ सारखे आले. जास्तीच्या फवारणीनं काहीच साधलं नव्हतं. ते पाहिल्यापासून मला टेबलाशी बसवेना. बाजाराच्या दिवशी मी ताडकळस गाठलं.

घरी बाईंचे वडील होते. बाई दूर एका कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या. मी नाव सांगितलं आणि मग निकाल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी पोरीचं चुकलं न्हवतं?"

"नाही."

त्या आखूड रेघा कुणी काढल्या होत्या, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ते आत जाऊन पाणी घेऊन आले. मी झरीच्या पाटलांच्या घरातला, हे त्यांना आडनावावरून कळलंच होतं. तांब्या पुढं करताना त्यांचा हात मधेच थांबला. मी उठलो, तांब्या घेतला आणि उभ्यानंच रिकामा केला.