ब्रेकवरचं पागोटं

हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी अंथरायचं काम निघालं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, आणि जगातलं कुठलंही दुखणं एका पत्रकानं बरं होतं अशी माझी खात्री होती. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी, पत्रक छापायचं तर परवानगी. हातानं लिहायला मात्र कोणाला विचारावं लागत नसे, म्हणून मी लिहीत सुटलो होतो. माझं अक्षर बघून ठेकेदाराच्या ओव्हरसियरनं मला मैलाचे दगड आणि पाट्या रंगवायला ठेवून घेतलं. दिवसा मी मैल रंगवायचो आणि जेवणाच्या सुटीत खडी फोडणाऱ्या बायांना त्यांचे हक्क समजावून सांगायचो. त्या भाकरी खात ऐकून घेत. भाकरी संपली की माझं भाषणही संपे.

या कामावर वाफेचा एक रोलर होता. दहा टन वजन, पुढे एक रुंद चाक, मागे माणसाच्या छातीला लागतील अशी दोन. आसपासच्या गावांत त्याला रेडा म्हणत. त्याच्या सुरक्षिततेकडे ओव्हरसियरचं बारीक लक्ष असे. खंडेनवमीला त्यानं रेड्याला हळद लावली, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडवला, नारळ फोडला. एवढा बंदोबस्त झाल्यावर वर्षभर तेल कशाला घालायचं, असा त्याचा हिशेब. मिस्त्रीनं तेल मागितलं की तो विचारी, "पूजा नहीं हुई क्या?"

मिस्त्री पन्नाशीचा. रेल्वेच्या शेडमध्ये आयुष्य काढून इथं आला होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. वाचता येत नव्हतं, पण रेड्याच्या पोटातला आवाज ऐकून कुठला खिळा ढिला झालाय ते सांगायचा. इंजिनाखाली शिरायच्या आधी तो तीन गोष्टी करी. आग विझवायची. चाकांच्या उताराकडच्या बाजूला दोन जाड दगड ठोकून बसवायचे. आणि डोक्यावरचं पागोटं उतरवून ते ब्रेकच्या चक्राला गुंडाळायचं. पागोटं ब्रेकवर असलं की मामा खाली आहे, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या पागोट्याला कोणी हात लावत नाही. लावला तर पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं. रोलरचा ड्रायव्हर एकदा भर दुपारी येऊन, ब्रेकवर पागोटं बघून, तिन्हीसांजेपर्यंत झाडाखाली विड्या ओढत बसला. मामा केव्हाच खालून निघून नाल्यावर हातपाय धुवायला गेला होता. नुसतं पागोटं राहिलं होतं.

मला या गोष्टीची भयंकर चीड यायची. आमच्या पत्रकात एक लाडका शब्द होता, सरंजामी. मी मामाला ऐकवलं की पागोट्याच्या इज्जतीवर यंत्र थांबवणं हे सरंजामी आहे. विसाव्या शतकात माणसानं लिहिलेल्या शब्दावर थांबलं पाहिजे. मामा पाना पुसत म्हणाला, "लिवा की पत्रकवाले. पागोटं वाचाया शाळा लागत न्हाई, एवढंच मी म्हनतो."

शाळेचा तो टोला मला झोंबला. मी ड्रायव्हरलाच पकडला आणि दुपारच्या सुटीत त्याला बाराखडी शिकवायला लागलो. भला माणूस होता. दोन महिन्यांत अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागला. धडे मी माझ्याच पत्रकांतून देत असे, त्यामुळे त्याला 'काम', 'बंद', 'चालू', 'जुलूम' हे शब्द आधी यायला लागले आणि 'आई', 'घर' मागाहून. तो विचारी, "मास्तर, चालू म्हंजे?" मी रेड्याकडे बोट दाखवायचो. धूर निघतोय, चाक फिरतंय, म्हणजे चालू. याहून सोपं काय असणार?

त्या हिवाळ्यात औंढ्याच्या अलीकडे, चढावरच, रेडा बसला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या दातेरी चाकाचे दात झडले. मामानं ते चाक सोडवलं. आता इंजिन आणि चाकं यांची गाठच सुटली, रेडा उतारावर निव्वळ ब्रेकच्या आणि दोन दगडांच्या भरवशावर उभा. नेमकं त्याच आठवड्यात कोणी बडा साहेब रस्ता बघायला येणार म्हणून निरोप आला.

ओव्हरसियरनं लगेच रस्ता दुरुस्त करायला घेतला, म्हणजे दोन्ही कडांना दगड मांडून चुना फासायला घेतला. रस्त्यात खड्डे होते ते तसेच राहिले, कडा मात्र लग्नघरासारख्या दिसायला लागल्या. साहेब यायच्या दिवशी दहा-बारा दगड कमी पडले. कामगार जिथून मिळतील तिथून दगड उचलून आणायला लागले.

मामा सकाळपासून खाली होता. ओव्हरसियर शेवटची नजर फिरवत रेड्यापाशी आला आणि थबकला. "ये चिंधी क्या है?" त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. साहेबासमोर इंजिनावर फडकं लोंबतंय हे त्याला सोसेना. हातानं शिवायची हिंमत मात्र त्यालाही झाली नाही. त्यानं छडीच्या टोकानं पागोटं उचललं, कोळशाच्या पेटीवर टाकलं आणि मला म्हणाला की इथं एक झकास पाटी लाव.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. जुलमी माणसाच्या हातून का होईना, पागोटं उतरलं आणि अक्षर चढलं. पाटी लहान होती, एकच ओळ मावेल एवढी. रस्त्याच्या कामावर लावतात तेच मी लिहिलं, लाल रंगात, वळणदार: काम चालू आहे. मग वाकून मामाला सांगितलं की पागोटं काढलंय, पण काळजी नको, पाटी लावलीय. खाली ठोकाठोकी चालली होती. ती थांबवून मामानं एवढंच विचारलं, "दगड हायेत ना चाकाखाली?"

मी "आहेत" म्हणालो. बघितलं नाही. मी त्या वेळी 'लू'चा ऊकार नीट करत होतो.

दगड तेव्हा रस्त्याच्या कडेला, रांगेत, चुना लावून साहेबाची वाट बघत होते.

थोड्या वेळानं ड्रायव्हर पाण्याचे डबे घेऊन विहिरीवरून आला. ब्रेकवर पागोटं नाही, पाटी आहे. तो समोर उभा राहून बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागला. का, म, काम. चा, लू. मी पलीकडून ऐकत होतो आणि अभिमानानं फुगत होतो. पूर्ण वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं. वाचलं, डबे ठेवले, खुशीत वर चढला, आणि पागोटं नाही म्हणजे मामा खाली नाही, काम चालू आहे, म्हणून ब्रेक सोडला.

रेडा आवाज न करता निघाला. वाफ नाही, शिट्टी नाही, दहा टन लोखंड माणसाच्या चालीनं मागे सरकायला लागलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, उपयोगाचं काही नसावं. उताराला तांड्यावरची एक बाई खडी फोडत बसली होती. ज्या काळ्या दगडावर ठेवून ती खडी फोडायची तो तिनं दोन्ही हातांनी ढकलून चाकाच्या वाटेत लोटला आणि मागे उडी मारली. चाक दगडावर चढलं, कण्हल्यासारखं वाजलं आणि थांबलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं ब्रेक पुन्हा आवळला.

मामा दुसऱ्या बाजूनं सरपटत बाहेर आला. धोतराचा सोगा चाकाखाली राहिला होता आणि त्याची तेलाची कुपी भाकरीसारखी चपटी झाली होती. त्यानं आधी डोक्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "माझं पागोटं कुठंय?"

ड्रायव्हर वरच बसून रडत होता. मी त्याच्यावर तोंड टाकणार, तर तोच म्हणाला, "तुमीच शिकवलं न्हवं मास्तर, चालू म्हंजे चालू?"

बडा साहेब दुपारी आला. मोटारीतून उतरला नाही. चुन्याचे दगड बघून फार खूश झाला म्हणे. तो गेल्यावर ओव्हरसियरनं तांड्यावरच्या त्या बाईला फैलावर घेतलं, की तिचा बिनचुन्याचा काळा दगड भर रस्त्यात कशाला आला. ती म्हणाली, "रेडा अडवला मालक. तुमाला पायजे तर पुन्हा सोडते."

त्याच दुपारी मी पत्रक लिहायला बसलो. असं पत्रक मी आजवर लिहिलं नव्हतं. ओव्हरसियर, ठेकेदार, लिंबू, चुना, छडी, कोणाला सोडलं नाही. बायांपुढे आणि मामापुढे वाचून दाखवलं. मामानं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि विचारलं, "पाटी कोनी लिवली, ते काहून न्हाई त्यात? आन दगड हायेत असं कोन म्हनलं?"

बाया माझ्याकडे बघत होत्या. मी पेन्सिल काढली आणि तिथंच खाली दोन ओळी वाढवल्या. सरंजामी हा शब्द खोडला. त्या पत्रकातल्या बाकीच्या ओळी मला आता आठवत नाहीत, त्या दोन आठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम तसंच अर्धवट होतं. मामाला पुन्हा खाली जावं लागणार होतं आणि पागोटं ब्रेकवर राहणार नसेल तर तो जाणार नव्हता. ओव्हरसियर आठवण करून देत होता की पाटी आहेच. मामानं पागोटं उतरवून माझ्या हातात दिलं. दुसऱ्याचं पागोटं मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. घामानं ओलं होतं आणि वाटलं त्यापेक्षा जड.

"तुमीच बांधा, पत्रकवाले. आन आज हितून हलू नका."

मी बांधलं. मग गुडघ्यावर बसून चाकाखालचे दगड बघितले, हातानं हलवून बघितले. तांड्यावरची बाई शेजारीच उभी होती. तिनं ते पुन्हा एकदा पायानं हलवले, माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. ओव्हरसियर छडी घेऊन दोन पावलं पुढं आला आणि आम्हा सगळ्यांकडे बघून सावलीत जाऊन बसला.

खालची जमीन दवानं ओली होती. मामानं इकडंतिकडं पाहिलं, माझी पाटी उचलली, खाली अंथरली आणि तिच्यावर पाठ टेकून आत सरकला. रंग अजून नीट वाळला नव्हता. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर 'चालू' उलटं उमटलं होतं. ड्रायव्हर बोट फिरवत बराच वेळ वाचायचा प्रयत्न करत होता. त्याला ते काही लागलं नाही. मीही सांगितलं नाही.