तुझी गाठ कंची?

त्या वर्षी मी देवीपुढे दिवा लावणं सोडलं होतं. मानेतली गाठ काढून तपासली आणि कागदावर ‘लिम्फोमा’ असा शब्द आला. डॉक्टर पुढे बरंच सांगत होते, पण मला एवढंच ऐकू आलं की हा कॅन्सर आहे. उरलेलं विचारायचं धाडस झालं नाही. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. नेरूळच्या नव्या घरात येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. माझी पत्नी सुमन पुन्हा इस्पितळात जाऊ या म्हणायची, आणि मी कागद कपाटात कपड्यांखाली सारायचो. देवीनं पाठ फिरवली, एवढंच मनात घोळत राही.

संध्याकाळ झाली की ताप भरायचा. त्या तापात सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसे. अशाच एका संध्याकाळी मी चालत करावे गावाकडे निघालो. भरती चढत होती. खाडी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी चालतोय की मला कुणी नेतंय, तेही कळेना. बांधाच्या टोकाला गावदेवीचं छोटं देऊळ होतं, त्याच्या पायरीवर मी टेकलो.

शेजारी एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन बसली होती. माझ्या मानेवरचे टाके पाहून तिनं काय झालं ते विचारलं. घरी जे बोललो नव्हतो ते मी तिला सांगून टाकलं. तिनं टोपली बाजूला सारली.

“माझे घरवाल्याला पन गाठ होती,” ती म्हणाली. “आमी भिऊन काय इचारलाच नाय. तो गेला, तरी मना ठावं नाय त्याला काय झालता. मासली सगली एकच हाय का, बाला? बोंबलाची रीत येगली, हलव्याची येगली. तुझी गाठ कंची, ता इचार.”

दोन दिवसांनी सुमन आणि मी खाडीपूल ओलांडून मुंबईच्या इस्पितळात गेलो. माझा लिम्फोमा नेमका कोणता, असं विचारल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लिम्फोमा हा एकच आजार नाही, त्याचे प्रकार पुष्कळ, आणि प्रत्येकाची चाल निराळी, उपचार निराळे, असं त्यांनी सावकाश समजावलं. गाठीचे नमुने वरिष्ठांकडून पुन्हा तपासून घेतले. माझा हॉजकिन्स प्रकारचा निघाला, तोही मान आणि छातीपुरता. यातले बरेच रुग्ण बरे होतात, पण खात्री देत नाही, असं ते म्हणाले. परतताना बसमध्ये सुमन माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मला मात्र कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

पुढे इंजेक्शनं झाली, किरणांचे शेक झाले. केस गेले, पाण्याचा घोटही पोटात ठरेना. पण दिवा पुन्हा लागला. आता मी काही मागत नव्हतो. नुसता देवीसमोर बसायचो.

गाठी विरल्या. अंगात बळ आल्यावर आम्ही दोघं करावे गावात त्या म्हातारीला शोधत गेलो. ती दारात बसली होती. तिला मी आठवलो नाही.

“मी कंदी बोल्ले?” ती हसून म्हणाली. “तुला ताप असंल.”

सुमन तिच्या पाया पडली, तेव्हा ती ओशाळली आणि तिनं आम्हाला चहा घ्यायला बसवलं.

ते बोल कुणाचे, याचा शोध मी पुढे घेतला नाही. आपल्याला काय झालंय ते नीट समजून घ्यावं, करायचं ते करावं, आणि त्यापुढचं देवीच्या पायाशी ठेवावं, एवढं शहाणपण मला मिळालं. तेवढ्यावर मी आजवर जगतो आहे.