उन्हापासून जपलेलं सौरग्राम

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव ‘सौरग्राम’ झाल्याचं पेपरात वाचलं आणि मी बायकोला म्हणालो, "हवामानाचं भवितव्य बघून येतो." ती म्हणाली, "येताना तूरडाळ आण."

शनिवारी पहाटे नागपूरहून बाईक काढली. वर्ध्यावरून कळंबला पोचायला तीन तास लागले. तिथं वीस रुपयांत तर्री-पोहे मिळतात, वरून आणखी झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, फुकट. पेट्रोल तिथंच भरून घ्या. कळंबवरून राळेगावकडचा रस्ता बरा आहे, शेवटचे सहा किलोमीटर मात्र मणक्यांची परीक्षा पाहतात. दोन्ही बाजूंना कपाशी. गेल्या वर्षी बोंडअळीनं झोपवलेली, यंदा पावसानं अर्ध्यावर सोडलेली.

वेशीवर पाटी होती, ‘सूर्याच्या शक्तीवर चालणारे गाव’. एका गावकऱ्यानं शोभाबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या शेतातला सौर पंप बघायला पाठवलं. तिथं पॅनल होते, पण निळ्या ताडपत्रीत, सुतळीनं करकचून बांधलेले. त्यांच्या सावलीत एक डिझेल इंजिन ठेवलेलं.

"इंजन उन्हात तापते म्हनून इथं ठेवलं," शोभाबाई म्हणाल्या. "आता तेबी बंद पडलं. चार दिवस झाले."

"पण पॅनल का झाकलेत?"

"वरच्या फलकावर नेत्याचा फोटो हाय नं. इलेक्शनात फोटो झाकायचा हुकूम आलता. ग्रामसेवक म्हने, थोडंसंच झाकलं अन् कोनी तक्रार केली तं? म्हनून सगळंच झाकलं."

"निवडणूक होऊन पाच महिने झाले!"

"झाकायचा हुकूम आलता, दादा. उघडायचा नाही आला."

मला हसू फुटलं. शोभाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाशीच्या एका झाडाला नुसता हात लावला तर तीन कोवळी बोंडं गळून मातीत पडली. "आठ दिवसांत पानी नाही भेटलं तं सारं असंच गळते. पोरगी यवतमाळले नर्सिंग शिकून राह्यली. तिची फी याच बोंडात हाय."

माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात ग्रामसेवक आले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "मले वरून लेखी पाहिजे. हात लावला तं मीच सस्पेंड," असं म्हणत तेही ताडपत्रीच्या सावलीत टेकले. घाम पुसत त्यांनी सांगितलं, "तसं गावाचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण हाय. अहवाल गेला."

शोभाबाईंनी आम्हा दोघांना झुणका-भाकर आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढला. मी पाकीट काढताच त्या चिडल्या. गाडीपाशी आलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "पैसे नोका देऊ. ताडपत्री मागा."

"मी?"

"पाव्हणे हा नं तुमी. पाव्हण्यानं मागितलं तं नाही म्हनता येते का? ग्रामसेवकालेबी नाही येत."

मी घसा साफ करून मोठ्यानं म्हणालो, "शोभाताई, माझी गाडी पावसात भिजते हो. एखादी ताडपत्री असली तर..."

आभाळात औषधालाही ढग नव्हता. ग्रामसेवकांनी आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उठून स्वतःच गाठी सोडायला लागले. "पाव्हण्याले रिकाम्या हातानं कसं धाडावं?" नेत्याच्या फोटोवर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा टाकला. "हुकूम फोटोचाच होता."

शोभाबाईंनी बटण दाबलं. पाईप दोनदा खोकला, लालसर पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार सरीत धावली. शोभाबाई धारेत हात धरून रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

घरी आलो तो डाळ विसरूनच. बायकोनं ताडपत्रीकडे पाहिलं आणि जेवायला वरणाऐवजी कढी वाढली. गाडी मात्र ऐटीत झाकली जाऊ लागली.

दिवाळीनंतर शोभाबाईंचा फोन आला. कापसाचा पहिला वेचा चांगला निघाला होता, पोरीची फी भरली होती. "अन् दादा, उघडायचा हुकूम आला!"

"अभिनंदन!"

"अभिनंदन कायचं? साहेब सोमवारी सोता येऊन उघडनार, फोटो काढनार. त्याच्यासाठी पहिले झाकलेलं पाहिजे नं! तेवढी ताडपत्री धाडा."

एसटीच्या पार्सलनं धाडली. आठवड्यानं ती परत आली. आत पाच किलो तूरडाळ होती आणि एक चिठ्ठी: ‘जपून ठेवा. झेडपीची निवडणूक येऊन राह्यली.’