चेहरा मुलाचा, खांदा दुसऱ्याचा

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, अटक झाली नाही, कोर्टात एक कागदही गेला नाही. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीतलं कोणतं प्रकरण अजून सलतं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगतो.

तेव्हा मी एका जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माझी मुलगी आणि जावई कतारमध्ये, दोहाला ओल्ड एअरपोर्ट भागात राहतात. त्यांच्याकडे जाण्यासाठी महिन्याची अर्जित रजा मंजूर झाली होती आणि मी कामं हातावेगळी करत होतो. अशा वेळी पन्नाशीच्या पुढची एक बाई सकाळी ठाण्यात येऊन बाकावर बसली. शिवणकाम करणारी, नवरा नसलेली. एकुलता मुलगा कतारमध्ये एसी दुरुस्तीच्या कामाला होता. तो हरवलाय, असं तिचं म्हणणं.

तिच्या गावच्या ठाण्यातून तिला दोनदा परत पाठवलं होतं. ठाणे अंमलदाराचं म्हणणंही चूक नव्हतं. मुलाचे मेसेज रोज येत होते, फोटो येत होते, मग तो हरवला कसा? तिसऱ्या वेळी त्यानं नोंद घेतली आणि फोटो तपासायला तिला आमच्याकडे धाडलं.

"आधी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करायचा," बाई म्हणाली. "सात म्हैनं झालं, तोंड न्हाई, आवाज न्हाई. नुसतं लिवतोय. फोटू मागितला की फोटू धाडतोय."

"फोटो त्याचाच आहे ना?"

तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "चेहरा माझ्या पोराचा हाय साहेब. खांदा त्याचा न्हाई. त्याचा डावा खांदा बोटभर उतरता हाय. शाळंच्या कपड्यापास्नं मापं मी घेतल्यात. ह्यो सरळ खांद्याचा माणूस कोण हाय?"

अशी तक्रार मी कधी ऐकली नव्हती. आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती, फोटो तपासण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं बाईच्या मोबाईलमधले चार फोटो कॉम्प्युटरवर घेतले, मोठे केले, चेहरे एकावर एक ठेवले. चारही चेहरे तंतोतंत जुळले. कपाळावरची केसांची बटसुद्धा. माणूस चार वेगवेगळ्या दिवशी इतका एकसारखा हसत नाही. शरीरावर ऊन उजवीकडून होतं आणि चेहऱ्यावर डावीकडून. मग तिला बाईच्याच मोबाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा फोटो सापडला, मुलगा कतारला निघाला त्या दिवशी विमानतळावर काढलेला. चारही चेहरे त्यातूनच कापलेले होते.

बाईला बाहेर बसवून शिपाई मला म्हणाली, "सर, याचा फोन दुसरंच कोणीतरी वापरतंय. मुलगा जिवंत असेल असं वाटत नाही."

मलाही तेच वाटलं. आम्ही अहवाल दिला, वरिष्ठांमार्फत दूतावासाकडे पत्र गेलं. अशा पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. मी वरिष्ठांना सांगितलं की मी दोहाला जातोच आहे. ते म्हणाले, "तिथं तुम्हाला कसलाही अधिकार नाही. ओळखीचा माणूस म्हणून चौकशी करा. पोलीस म्हणून नाही."

जावयानंही विमानतळावरून घरी नेताना तेच ऐकवलं. "बाबा, इथं तुम्ही फक्त माझे सासरे आहात, बरं का."

बाईनं मला मुलाच्या एका मित्राचा नंबर दिला होता. त्याच गावचा, मुलाच्याच खोलीत राहणारा. तिनं त्याला अनेकदा फोन केला होता. प्रत्येक वेळी तो सांगायचा, काकू, तो लांबच्या साइटवर आहे, रेंज नसते. मी फोन केला आणि गावाकडचा माणूस आहे, आईनं निरोप दिलाय, एवढंच सांगितलं. त्यानं शुक्रवारी एशियन टाउन या कामगारांच्या बाजारात भेटायला बोलावलं.

शुक्रवारी दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टीचा दिवस, कामगारांच्या सगळ्या कॅम्पमधली माणसं बाजारात. जावई गाडीपाशी थांबला. मित्र तिशीच्या आतला, बारीक, बोलण्यात नम्र. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, तिथंच पासपोर्टचे फोटोही काढायचा. आम्ही कडक चहा घेऊन बसलो.

चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. ज्याच्या पोटात काही दडलेलं असतं, त्याला त्याबद्दल आधी विचारू नये. त्याच्या कामाबद्दल विचारावं. कामाबद्दल माणूस मोकळेपणी बोलतो.

"पासपोर्टच्या फोटोला मागचा रंग पांढरा लागतो ना? तो बदलायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं. आता तर मोबाईलवर पण होतंय."

"आणि कपडे बदलायचे असले तर? कोट वगैरे?"

"धा मिनिटं," तो हसून म्हणाला. "लोक बनियनवर येत्यात, आमी सूट घालून पाठवतो."

"आणि चेहरा?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मी खिशातून चारही फोटोंच्या प्रती काढून टेबलावर मांडल्या. एकात दोहाजवळच्या लुसैल शहरातली ट्राम होती, एकात आम्ही बसलो होतो तोच बाजार. सगळ्यांत हाताची करंगळी थोडी वाकडी होती. समोरच्या कपाजवळ ठेवलेली करंगळीही तशीच वाकडी होती.

"हे शरीर तुझं आहे," मी म्हणालो. "मी पोलीस अधिकारी आहे. इथं मी तुला काही करू शकत नाही. फक्त एवढं सांग, तो मेला की जिवंत आहे?"

त्यानं चारही प्रती गोळा करून पालथ्या ठेवल्या. मग म्हणाला, "बास झालं, साहेब. आता न्हाई लपवत. जिवंत हाय. पण त्यो चेहरा आता न्हाई."

सात महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी खोलीवर स्वयंपाक करताना गॅसचा भडका उडाला होता. मुलाचा चेहरा, मान आणि गळा भाजला. गरम धूर आत गेल्यानं आवाज गेला तो घोगरा होऊन परत आला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे मित्राकडून शपथ घेतली, आईला कळवायचं नाही. मेसेज मात्र तो स्वतःच लिहीत होता.

"दिवाळीला काकूनं फोटू मागितला," मित्र म्हणाला. "म्हणलं एकदा करून देतो. एकदा दिला की दुसरा द्यावाच लागतोय, साहेब."

त्याच दुपारी त्यानं मला खोलीवर नेलं. चहाच्या टेबलापर्यंत मी मनात मारेकऱ्याला शोधत होतो याची मला लाज वाटत होती.

मुलगा खालच्या पलंगावर बसला होता. आम्ही आत शिरताच त्यानं गळ्यातला पंचा वर ओढला. बरा झाल्यावर त्याला गोदामात, मालाच्या नोंदीचं काम मिळालं होतं. तिथं फारशी माणसं येत नाहीत, असं त्यानं सांगितलं. त्या सांगण्यात समाधान होतं, आणि तेच मला ऐकवलं नाही.

"आई ठाण्यात बसून आहे," मी म्हणालो. "तुझं काही बरंवाईट झालं असं तिला वाटतंय. आत्ता इथून कॉल लावू. मी बोलतो आधी."

"नको साहेब." आवाज खरवडल्यासारखा येत होता. "अजून एक ऑपरेशन हाय. तीन महिन्यांत. डॉक्टर म्हणलेत, बरंच सुधारंल. मग मी स्वतः लावतो. ती एकटी असती घरात. असं बघितलं तर काय करंल? कोण हाय तिच्याजवळ?"

मी अर्धा तास समजावलं. तो हात जोडून एकच बोलत राहिला, आईला सांगू नका. शेवटी मी त्याचं ऐकलं. नियमही त्याच्या बाजूनं होता. हरवलेली व्यक्ती सज्ञान असेल आणि घरच्यांना आपली माहिती देऊ नका म्हणत असेल, तर ती सुखरूप सापडली एवढंच कळवायचं असतं. मी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. खोटे फोटो मात्र बंद करायला लावले.

परत आल्यावर बाईला बोलावलं. मुलगा सापडला, सुखरूप आहे, मी स्वतः भेटलो, असं सांगितलं. तिनं आधी देवाला हात जोडले. मग विचारलं, "मग तोंड का दावत न्हाई?"

"त्याची इच्छा नाही. थोडे दिवस द्या त्याला. तो स्वतः कॉल करेल."

"तिकडं बायको केली का?"

"नाही. जास्त मला सांगता येणार नाही."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मग माझंच कायतरी चुकलं असंल." सही करून ती निघून गेली. मिसिंग रजिस्टरला 'मिळून आला' असा शेरा पडला. आमच्या कामाच्या हिशेबानं चांगला निकाल.

ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. तीनाचे पाच महिने झाले. त्याच सुमारास तिच्या गावच्या ठाण्यातून मला सहज कळलं की बाई गेली. मशीनवर बसल्या बसल्याच, हृदयविकारानं. शेजारणी सांगत होत्या की शेवटी शेवटी ती मुलाचं नाव काढत नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, तो सुखात आहे, त्याला आमची गरज राहिली नाही.

बाराव्यानंतर मुलगा मला भेटायला ठाण्यात आला. तोंडाला रुमाल नव्हता. गावानं सगळं बघितलं होतं, आता लपवायचं कोणापासून? महिला शिपायानं त्याला पाणी दिलं आणि ती समोरच बसून राहिली, त्याच्याकडे सरळ बघत. तो म्हणाला, "साहेब, तुमी इतक्या लोकांना दम देऊन खरं बोलायला लावता. मलाच का न्हाई लावलं? त्या दिवशी माझं का ऐकलं?"

मी सांगितलं की मला वाटलं, तुझा हक्क आहे. तो मान हलवून उठला. रागावला नव्हता.

नियम चुकीचा आहे असं मी आजही म्हणणार नाही. त्यामागं कारणं आहेत. घरच्यांपासून जीव वाचवून पळालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांचं रक्षण त्याच नियमानं होतं. पण त्या खोलीत मी त्याच्याशी आणखी एक तास बोलायला हवं होतं. चेहऱ्याचं सांगत नाही, पण आजारी आहेस, उपचार चालू आहेत, तिची आठवण काढतोस, एवढं तरी आईला सांगू दे, असं मागून घ्यायला हवं होतं. त्यानं तेवढं दिलं असतं. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. माणूस सापडला होता, आणि मला वाटलं की माझं काम संपलं.