चाळिसावी सही

आमच्या विज्ञान शिक्षक संघाची घटना मी लिहिली. तिच्यात छत्तीस नियम आहेत आणि एकालाही पळवाट नाही. हे मी एके काळी अभिमानाने सांगत असे. आता कुणी विचारलं तर विषय बदलतो.

मी खडकीत वाढलो, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. ज्यांचा फोटो आमच्या भिंतीवर होता त्यांनी देशाची घटना लिहिली, त्यामुळे घटना हा शब्द आमच्या घरात कुणी सहज उच्चारत नसे. वडील कारखान्यात कामगार, शिक्षण सातवीपर्यंत, पण लिहिलेल्या गोष्टीवर त्यांची श्रद्धा दांडगी. काडेपेटी आत नेऊ नये, अशी पाटी कारखान्याच्या दारावर होती, म्हणून ते घरातून निघतानाच खिसे झटकायचे. विडी त्यांनी जन्मात ओढली नव्हती. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. संघाची नोंदणी करायची तर घटना लागेल, ती कोण लिहिणार, असं एका बैठकीत निघालं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. वडील तेव्हा हयात होते. मुलगा घटना लिहितोय, हे त्यांनी क्वार्टरमधल्या निम्म्या घरांत तरी सांगितलं असेल.

नमुन्यासाठी मला दुसऱ्या एका संस्थेची नियमावली मिळाली होती. पुण्यातल्या झाडून सगळ्या संस्थांच्या सूचनेत तळाला असतं ते वाक्य तिच्यातही होतं. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. माझं डोकंच फिरलं. म्हणजे आधी चाळीस माणसं हवीत म्हणायचं, मग अर्धा तास चहा प्यायचा, आणि चहा संपला की सातही पुरतात? पाणी शंभर अंशांना उकळतं. अर्धा तास वाट पाहिली म्हणून ते सत्तरला उकळत नाही. मी ते वाक्य लाल पेनाने खोडलं आणि लिहिलं की एकतृतीयांश सभासद स्वतः हजर हवेत, ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत तेवढे जमले नाहीत तर सभा रद्द. नोंदणीच्या आधी जे गृहस्थ संघाचं काम बघायचे ते मुलाकडे बेंगळुरूला जाऊन राहिले होते आणि तिथून फोनवर हुकूम सोडायचे. त्यांच्यावरच्या रागात मी आणखी एक नियम घातला, की कार्यवाहाने पुणे शहरात किंवा लगतच्या तालुक्यांतच राहिलं पाहिजे. शिवाय नवा कार्यवाह निवडून येईपर्यंत जुन्याने पद सोडायचं नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. पहिला कार्यवाह कोण, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही.

पहिली काही वर्षं झकास गेली. प्रदर्शनं झाली, शिबिरं झाली, टाकाऊ सिरिंजांपासून पंप करायला आम्ही किती शिक्षकांना शिकवलं असेल याची गणती नाही. मग हळूहळू माणसं पांगली. कुणी निवृत्त झाले, कुणाच्या मागे शाळेने ऑनलाइन माहिती भरायचं इतकं काम लावून दिलं की रविवारही जाऊ लागला. यादीत मात्र एकशे वीस सभासद तसेच राहिले. त्यांतले काही परदेशी मुलांकडे आहेत. तिघे तर वारले. पण सभासदाचं नाव कमी करायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि सभा भरायला चाळीस माणसं लागतात. म्हणजे मेलेला सभासददेखील माझ्या संघातून सुटत नाही, तिथे माझी काय कथा. मी राजीनामा दिलाच होता. तो मंजूर करायचा अधिकारही सभेलाच आहे. कसा का असेना, नियम माझाच.

याचं हसू यावं, असे दिवस होते. मग मुलीला मुलगी झाली. मुलगी नाशिकला असते, नोकरी करते. तिची रजा संपली तेव्हा माझी बायको, जी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती, बॅग भरून नाशिकला गेली. मी एक सभा घेऊन, पद सोडून, मागोमाग जायचं ठरलं होतं. मुलीने वरची खोली आमच्यासाठी रंगवून घेतली. माझ्या पुस्तकांसाठी फळ्या ठोकल्या. त्या वर्षी सभेला सत्तावीस माणसं आली. पुढच्या वर्षी एकतीस, त्याच्या पुढच्या वर्षी चौतीस. प्रगती होती, नाही म्हणायला. तोवर नात रांगायची थांबून बालवाडीत जायला लागली. दिवाळीत आणि मेमध्ये आठ-आठ दिवस जाऊन येणारा एक पाहुणा, एवढीच तिची माझ्याशी ओळख. खडकीच्या घरात मी एकट्यासाठी कुकर लावायचो आणि शिट्टी झाली की उगाच कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं. फार एकटं वाटे. हे मी कुणाला सांगत नसे, कारण लोक लगेच म्हणाले असते, मग जा की.

खरंच, जायला काय झालं होतं? आमचे अध्यक्ष सदाशिव पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक. ते दर वर्षी हेच विचारायचे. "अहो, हजेरीपुस्तकात सह्या नंतरही घेता येतात. सगळा महाराष्ट्र तसाच चाललाय. तुम्हाला एकट्यालाच का जुलाब होतात?" उत्तर माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत होतं. दहावीला काचेच्या चिपेतून प्रकाशाचं अपवर्तन असा एक प्रयोग असतो. चिपेच्या एका बाजूला दोन टाचण्या लावायच्या, दुसऱ्या बाजूने बघून आणखी दोन रेषेत लावायच्या, मग भोकं जोडून किरण काढायचा. हुशार मुलं काय करतात, तर पुस्तकात यायला हवा तसा किरण पट्टीने आधी काढतात आणि मग त्याच्यावर टाचणीने भोकं पाडतात. खरी भोकं थोडी वाकडी येतात. अशी मागून पाडलेली भोकं मला लांबून ओळखू यायची. मग त्या मुलाने पानावर लाल पेनाने लिहायचं, हे निरीक्षण मी घेतलेले नाही, आणि खाली सही करायची. माझ्या वर्गाची ती रीतच होती. पालकांच्या तक्रारी यायच्या. मी हटायचो नाही. आता मीच कोऱ्या रकान्यांत सह्या भरायला लागलो तर त्या सगळ्या मुलांनी मला गाठून विचारावं, इतकं ते उघड होतं.

यंदाच्या सभेआधी बायकोचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. जावयाच्या आईला एकटीने राहणं आता जमत नाही, ती जूनमध्ये नाशिकला येते आहे. "खोली एकच आहे वरची," ती म्हणाली. "तुम्ही येणार असाल तर आपण दोघं वर राहू आणि त्यांची सोय खाली करू. येणार नसाल तर मी नातीच्या खोलीत झोपते आणि वरची त्यांना देऊ. काय ते एकदा ठरवा." मी म्हणालो, या वेळी होईल.

या वेळी मला खरंच तसं वाटत होतं, कारण उमेदवार मिळाली होती. खडकीतलीच माझी जुनी विद्यार्थिनी, आता वाघोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कार्यवाह व्हायला ती आपण होऊन तयार झाली. मी तिला सगळे नियम वाचून दाखवले, पुणं सोडता येणार नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, माझं घर, शाळा, सासर सगळं इथेच आहे, मी कुठे जातेय सर. नियमाप्रमाणे एक महिना आधी सूचना पोस्टाने गेल्या. तिने दीडशेच्या वर फोन केले, एकेका माणसाला दोन-दोनदा.

सदाशिव पेठेतल्या एका शाळेचं सभागृह रविवारी चारला मिळालं. पुण्यात रविवारी चारला सभा ठेवणं म्हणजे लोकांच्या झोपेशी वैर घेणं, पण माणसं आली. दारापाशी हजेरीपुस्तक होतं. छापील नावं आणि समोर कोरे रकाने. मी दर मिनिटाला मोजत होतो. चार वाजून दहा मिनिटांनी माझ्यासकट एकोणचाळीस सह्या झाल्या होत्या आणि जिने एवढी माणसं गोळा केली तिचाच रकाना कोरा होता. मी फोन लावला. ती नगर रस्त्यावर अडकली होती, दोन वाजता निघूनसुद्धा. पुढे काहीतरी उलटलंय, गाड्या हलत नाहीत, पण मी येतेय सर, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं.

अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. सव्वाचारला दोन मिनिटं कमी होती. "निघालीय ना ती? मग आलीच समजा. वाघोली काय लंकेत नाही," ते म्हणाले. "तिची सही करा आणि नाशिकला जा, सर."

मी तिची सही केली. तिच्या जर्नलवर वर्षभर बघितलेली, त्यामुळे नमुना बघावा लागला नाही. लाज वाटली का? खरं सांगायचं तर त्या क्षणी नाही वाटली. एकदम हलकं वाटलं, पायांतला दगड कुणी काढून घ्यावा तसं. बरोबर सव्वाचारला सभा सुरू झाली. तीन वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहून त्यांची नावं कमी केली, माझा राजीनामा मंजूर झाला, ती बिनविरोध निवडून आली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. याच वीस मिनिटांसाठी मी चार वर्षं बसून होतो.

ती चार चाळीसला आली. घामाघूम, हेल्मेट हातात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी गुच्छ पुढे केला. पण ती आधी सही करायला दारापाशी गेली, शिकवल्याप्रमाणे. तिचं बोट आपल्या नावापाशी गेलं आणि तिथेच राहिलं. तिने मान वर करून अध्यक्षांकडे बघितलंच नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. मग माझ्यापाशी येऊन तिने माझ्या खिशातलं लाल पेन मागितलं. मी दिलं. दुसरं काय करणार होतो? तिने त्या सहीवर एक रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ही सही मी केलेली नाही. खाली खरी सही केली आणि वेळ घातली, चार बेचाळीस.

अध्यक्ष तिला समजावू लागले की बाई, निवडून तुम्हीच आलाय, वेडेपणा करू नका. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी कार्यवाह व्हायला तयार आहे. पण अशी नाही."

सव्वाचारला एकोणचाळीसच जण होते. सभा रद्द. माझा राजीनामा पुन्हा नामंजूर, ती तिघं पुन्हा सभासद. पुढची सूचना कधी काढायची, हे तिने तिथेच विचारलं आणि आपण त्या दिवशी सकाळीच येऊन बसू म्हणाली. मला तिचा संताप आला. मनातल्या मनात मी तिला नाही नाही ते बोललो. दहावीतलं उट्टं काढलंस, असंही म्हणालो, जे खरं नव्हतं. खडकीच्या बसमध्ये बसलो तेव्हा कुठे लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेबरोबर राग गेला. वडील तिथे असते तर त्यांनी कुणाच्या पाठीवरून हात फिरवला असता, हे मला कळत होतं.

घरी येऊन नाशिकला फोन लावला. झालं का, बायकोने विचारलं. झालं होतं, मग रद्द झालं, असं म्हणून मी तिला सगळं सांगितलं, सहीसकट. पलीकडे नात काहीतरी मोठमोठ्याने म्हणत होती, तिला खेळायला पाठवून बायकोने विचारलं,

"ती मुलगी कुणाची विद्यार्थिनी म्हणालात?"

"माझी."

"मग भोगा," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही.