उताऱ्यापुढची गोष्ट

आर्डिस रायस्विग पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती तिनं शाळेची बस चुकवली म्हणून. नॉर्थ डाकोटाच्या गारठ्यात माझ्या इंग्रजीच्या तासाची ही नववीतली उंचाडी पोर पायरीवर बसून वाचत होती.

"अगं, बस गेली की!"

"दिसली, बाई. पण दोनच पानं उरली होती."

मीच तिला शेतावर सोडलं. गाडीत तिनं ती दोन पानं संपवली, मगच मान वर केली.

बारावीत तिनं ठरवलं, राज्याच्या विद्यापीठात जाऊन साहित्य शिकायचं. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं. त्यासाठी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत छत्तिसांपैकी पंचवीस गुण हवे होते. गणितात ती अडत नसे, उताऱ्यांत अडे. चार उतारे, चाळीस प्रश्न, पस्तीस मिनिटं.

"आधी प्रश्न बघ, मग उताऱ्यात उत्तर हुडक," मी सांगायची.

"मग गोष्ट कधी वाचायची?"

"वाचायचीच नाही."

"बाई, हे तुम्ही सांगताय?"

परीक्षा शनिवारी असते. रायस्विग मंडळी शनिवारचा शब्बाथ, म्हणजे देवाधर्माचा विसाव्याचा दिवस, पाळणारी, म्हणून आर्डिसची रविवारी ठरली. शाळेच्या जेवणघरात परीक्षार्थी ती एकटी, पर्यवेक्षक मी. नियमानुसार मी सगळ्या सूचना मोठ्यानं वाचल्या. "शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहू नये."

तिनं रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. "मोह आवरते, बाई."

उताऱ्यांच्या भागात तिची पेन्सिल थांबली. ती एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होती. मला बोलायची मुभा नव्हती. वेळ संपली तेव्हा शेवटच्या उताऱ्याची सगळी वर्तुळं कोरी होती. चुकीला गुण कापत नाहीत, काहीतरी भरून ठेव, असं किती वेळा बजावलं होतं!

"बाई, दीपगृहाच्या राखणदाराची बायको. नवरा कित्येक वर्षांनी परत आलाय, दार वाजवतोय. तिनं कडीला हात घातला, आणि उतारा संपला! उघडलं का तिनं?"

"मला काय माहीत? गोष्टीचं नाव काय होतं?"

ते वर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिनं बघितलंच नव्हतं. प्रश्नपुस्तिका तर मी सील करून ठेवली होती.

तिला तेवीस गुण पडले. जूनमध्ये पुन्हा बसायचं होतं, पण मे महिन्यात वडिलांना पक्षाघात झाला आणि शेतावर दुसरं माणूस नव्हतं.

वाचनालयातल्या समुद्राच्या गोष्टी तिनं एकेक करून वाचून काढल्या. दुकानात भेटली की मी विचारते, "सापडली का गं?"

"नाही, बाई. कधी वाटतं उघडलं असेल. थंडीत वाटतं, नसेल."

आर्डिस आता त्याच जेवणघरात स्वयंपाक करते. कुणाची रविवारची परीक्षा असली, तर पर्यवेक्षक तीच असते. पुस्तिका तीच वाटते. उघडून वाचायची तिला परवानगी नाही.